पुढचं पान कुठी हाये?

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून माणसं माझ्याकडे एकच काम घेऊन येतात. "बाई, तुम्ही एवढं वाचता, एखादं चांगलं पुस्तक सांगा ना." मी सांगत नाही. चांगलं म्हणजे काय ते विचारणाऱ्याला ठाऊक नसतं, त्याच्या पोटात काय चाललंय ते मला ठाऊक नसतं. कशाला दोघांनी वेळ घालवायचा? मी त्याला पोंभुर्ण्याच्या बसस्टँडसमोरच्या बांगड्यांच्या दुकानात पाठवते. बाई असो की बाप्या. बाप्ये आधी लाजतात, मग गुपचूप जातात.

दुकान कय्यूमभाईंचं. मणियारांचं घराणं, बांगड्यांचा धंदा पिढीजात. पण कय्यूमभाई स्कूटरला पेट्या बांधून आठवडी बाजार करत फिरतात आणि दुकानात गादीवर बसते ती त्यांची बायको सईदा. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं भरलेली, चष्म्याला दोरी, आवाज समोरच्या हॉटेलात चहा सांगायला उठावं लागणार नाही एवढा. डाव्या हाताच्या फळ्यांवर बांगड्या, उजव्या हाताच्या फळ्यांवर पुस्तकं. नवीन माणसाला वाटतं पुस्तकं विकायला आहेत. ती न्यायची, वाचायची आणि आणून द्यायची. आणून दिली नाहीत तर सईदा भर बाजारात ओरडून विचारते, मग देतातच.

तिची रीत सांगते. बांगड्या भरायला बाई बसली की सईदा तिचा हात धरते, साबण लावून चेपते आणि बोलायला लागते. "काल एका घरी काय झालं माहीत हाये? सासरा मेला, वाटणी झाली, अन् कुलूप लागलेली एक पेटी कोणीच घेईना." बाईला वाटतं गावातलीच भानगड. ती कान टवकारते. एकेक बांगडी चढते, गोष्ट एकेक पायरी पुढे सरकते, आणि शेवटची बांगडी मनगटावर आली की सईदा हात सोडते. "झालं. जा."

"अवं पण पेटीत काय होतं?"

"मले काय माहीत? थ्या निळ्या पुस्तकाले विचार."

मी एकदा म्हटलं, सईदा, ही फसवणूक आहे. ती म्हणाली, "पोस्टबाई, 'चांगलं हाये, वाच' म्हटलं का लोक पळतात. शाळेत तेच केलं ना मास्तरनं? माह्या हातात तिचा हात असते. जाते कुठी?"

पुस्तकांची नावं या दुकानात कुणी घेत नाही. बायका म्हणतात, "ते कुलपाच्या पेटीचं दे," "ते दोन सवती नदी पार करतात ते कोणाकडे हाये?" लेखकाचं नाव तर कुणाच्या गावीही नसतं. सुरुवातीला मला राग यायचा. आता मीसुद्धा मुलाला फोनवर सांगते, कुलपाच्या पेटीचं वाच.

तिचा नेम नेहमी लागतो असं मात्र समजू नका. नव्यानं लग्न झालेल्या एका पोरीला तिनं घर सोडून जाणाऱ्या बाईचं पुस्तक दिलं. चार दिवसांत पोरीची सासू दुकानात. "माह्या सुनेले काय शिकवून राह्यली व तू?" सईदा शांतपणे म्हणाली, "पुस्तकाच्या शेवटी ते वापस येते. सून वाचून राह्यली, तिले पुरं वाचू दे. अर्ध्यात हिसकलं तर मंग जाईन." सासूनं पुस्तक परत दिलं नाही. स्वतः वाचून संपवलं, मगच आणलं. खरं सांगायचं तर त्या पुस्तकात बाई परत येत नाही. सासूनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. का नाही काढला, ते मी तिला विचारणार होते, पण सईदानं मला डोळ्यानं गप्प केलं.

आता हे सगळं सुरू कसं झालं ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

काचेच्या बांगड्या कागदात गुंडाळून द्याव्या लागतात. कय्यूमभाई चंद्रपूरच्या गोल बाजारातून रद्दी आणायचे आणि रद्दीत जुनी पुस्तकंही यायची. सईदा पानं फाडायची, बांगड्या गुंडाळायची. पुस्तक म्हणजे तिच्या लेखी जरा जाड कागद. एका दुपारी तलावाकडच्या वस्तीतली भागीरथा बांगड्या घेऊन गेली आणि दिवस मावळायच्या आत परत आली. सईदाला वाटलं एखादी बांगडी पिचली. भागीरथानं चुरगळलेला कागद पुढे केला.

"याचं पुढचं पान कुठी हाये?"

"काय?"

"एक बाई कंदील घेऊन विहिरीत उतरून राह्यली. अर्ध्या पायऱ्या झाल्या अन् पान संपलं. खाली काय हाये?"

सईदा खो खो हसली. धानाची शेती करणारी, मजुरीला जाणारी, सातवी शिकलेली बाई विहिरीच्या तळाशी काय आहे म्हणून दोन मैल चालत आली होती. मग सईदानं उरलेलं पुस्तक उचकून पाहिलं. पुढचं पान नव्हतं. ते आधीच दुसऱ्या गिऱ्हाइकाबरोबर गेलं होतं. भागीरथा हलेना. शेवटी दुकान कय्यूमभाईंच्या गळ्यात टाकून दोघी त्या गिऱ्हाइकाच्या घरी गेल्या. पान तिथे लोणच्याच्या बरणीखाली अंथरलं होतं. तेलानं अर्धी अक्षरं खाल्लेली. दोघींनी ते उजेडाला धरून, ओसरीवर उभ्या उभ्याच वाचलं.

"मंग? काय होतं विहिरीत?" मी विचारलं होतं.

"तेच तर नाई समजलं," सईदा म्हणाली. "तेल नेमकं तिथीच होतं. त्या रात्री मले झोप नाई आली, बाई. मी किती लोकायच्या झोपा फाडल्या असतीन!"

दुसऱ्या दिवशीपासून तिनं पुस्तक फाडणं बंद केलं. वर्तमानपत्रात बांगड्या बांधायला लागली. रद्दीतली पुस्तकं फळीवर चढली, आधी तिनं वाचली, मग भागीरथानं, मग गावानं. तेव्हापासून सईदाच्या दुकानात एकच कडक नियम होता: पुस्तकाचं पान फाडायचं नाही. एका पोराच्या बापानं कोपरा मुडपला म्हणून त्याला तिनं पुन्हा पुस्तक दिलं नाही.

भागीरथाचं वाचणंही बघण्यासारखं होतं. ती वाचायची आणि जेवताना नवऱ्याला, वारलूला, सगळं सांगायची. वारलूला वाचनाचा कंटाळा, ऐकण्याचा नाही. तो मध्येच ठणकावून अंदाज सांगायचा. "तो भाऊ चोर हाये, लिहून ठेव." बहुतेक चुकायचा. मग दोघांचं भांडण व्हायचं, आणि ते भांडण दुसऱ्या दिवशी भागीरथा दुकानात येऊन पुन्हा सगळं करून दाखवायची. बांगड्या भरायला आलेल्या बायका हसून हसून हात हलवायच्या आणि सईदा ओरडायची, "हात स्थिर ठेव वं, पिचन!"

माझ्याकडे दोन भागांतली एक जुनी रहस्यकथा होती. एका घरातून एकेक माणूस नाहीसा होतो आणि घरात एक मुकी स्वयंपाकीण असते. पहिल्या भागाच्या शेवटच्या ओळीत ती मुकी बाई तोंड उघडते. बस. भाग संपला. ते दोन्ही भाग मी सईदाला दिले. तिनं पहिला भागीरथाला दिला आणि दुसरा मुद्दाम फळीवर ठेवून घेतला. "आधी तो आण, मंग हा ने. थोडं तडफडू दे."

दिवाळीनंतर, धान कापणीच्या दिवसांत, वारलू मोटारसायकलवर घरी येत होता. अंधार पडता पडता रानडुक्कर आडवं आलं. तो जागीच गेला.

त्यानंतर भागीरथा दुकानात आली नाही. येणार कशी? आमच्याकडे नवरा गेलेली बाई बांगड्यांच्या दुकानाची पायरी चढत नाही. कुणी अडवत नाही, कुणी बोलत नाही, पण चढत नाही. आणि दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर बांगड्यावाली अशा घरी जात नाही. तिच्या नुसत्या दिसण्यानं हातांची आठवण होते, म्हणून. सईदा मयतीला गेली ती लांब उभी राहून आली. पुढे गेलीच नाही. दोघीही एकमेकींना जपत होत्या आणि दोघींमध्ये माझ्या पुस्तकाचे दोन भाग अडकले होते.

मी स्वतः विधवा आहे आणि दर संक्रांतीला सईदाकडे हातभर बांगड्या भरते. सुरुवातीला गाव बोललं, मी ऐकलं नाही, गाव थकलं. त्यामुळे मला हा सगळा प्रकार अगदी फालतू वाटत होता. सईदाला मी तसं सांगितलं. ती गादीवर मख्ख बसली होती. हाताखालच्या बाईला गोष्ट न सांगताच बांगड्या भरत होती.

"असं काय करून राहिलीस?" मी म्हटलं. "दुकानात एवढ्या बायका वाचतात."

"वाचतात ना. पण मले माही पहिली पाह्यजे," ती म्हणाली. "तिनं पान मागतलं नसतं तं मी आजपर्यंत फाडतच बसली असती. तिनं वाचणं सोडलं तं मी कशाले गोष्टी सांगून राह्यली इथी?"

मग तिनं चूक केली. भल्या मनानं केली, पण चूकच. भागीरथाची मुलगी उर्वशी बारावीला होती, ती वही घ्यायला बाजारात आली तेव्हा सईदानं तिच्याजवळ एक पुस्तक दिलं. नवरा गेलेल्या एका बाईचं, सोसण्याचं, धीराचं. आठ दिवसांनी उर्वशीनं ते परत आणलं.

"आई म्हणते, हे रडायचं पुस्तक ज्याले रडू येत नाई त्याले द्या. आमच्याकडे चालू हाये."

सईदा लालबुंद झाली. उर्वशी गेल्यावर माझ्यावर घसरली, कारण मी समोर होते. "पाह्यलं? चांगलं करायले गेली तं थप्पड!"

"थप्पड बरोबर आहे," मी म्हटलं. "तू तिला पुस्तक दिलंच नाहीस. विधवेला दिलंस. उद्या मला दमा झाला तर दम्याचं देशील?"

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा पाठवला, म्हणजे पटलं.

मग मीच भागीरथाकडे गेले. उन्हाळा होता, विडीच्या तेंदूपत्त्याचे दिवस. पहाटे जंगलात जाऊन तोडलेली पानं अंगणात मांडवाखाली पसरली होती आणि ती पुडे बांधत बसली होती. बोटं चालत होती, डोळे कुठेच नव्हते. कोनाड्यात माझ्या पुस्तकाचा पहिला भाग, वर धूळ.

"चल दुकानात," मी म्हटलं. "माझ्याबरोबर चल. मी बघते कोण काय म्हणतं."

"तुमचं येगळं हाये, पोस्टबाई. तुमच्या हाती शिक्का होता. तुमाले कोण बोलते?"

मी म्हटलं, "मग दुसरा भाग मी आणून देते."

तिनं पुडा बांधून बाजूला ठेवला. "नोको. वाचून सांगू कोणाले? पहिला भाग संपला त्या दिवशी त्यायले सांगितला. ते म्हणाले, थे बाई मुकी नाईच, पैलेपासून नाटक करून राह्यली. मी म्हटलं, कायबी बोलता. पैज लागली. ते म्हणाले, दुसरा भाग आण, मंग पाहू." ती पुन्हा पानं जुळवू लागली. "आता कोण जिंकलं ते समजून का करू?"

मी परत येऊन सईदाला जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकत राहिली. गिऱ्हाईक आलं, तिनं पाहिलं नाही. मग उठून फळीवरून दुसरा भाग काढला, पहिलं पान उघडून उभ्या उभ्या वाचलं, मिटला आणि पुन्हा ठेवून दिला. "बरं," एवढंच म्हणाली. सईदा 'बरं' म्हणून थांबली की मला भीती वाटते.

त्याच महिन्यात भागीरथाच्या दिरांच्या घरी लग्न निघालं. घर शेजारीच, मध्ये नुसतं कुंपण. लग्नघरी मणियारणीला बोलावून सगळ्या बायका एकाच दिवशी बांगड्या भरतात, तशी सईदा पेट्या घेऊन मांडवात आली. मीही होते. हिरव्या बांगड्यांचे ढीग, पोरींचा गोंधळ, कुणाचा हात मोठा, कुणाची बोटं आखडलेली. सईदा प्रत्येकीचा हात धरून गोष्ट सांगत होती. भागीरथा कुंपणापलीकडे पाठमोरी पुडे बांधत होती. मांडवात आली नाही, कुणी बोलावलंही नाही.

उर्वशीची पाळी आली. तिच्या हातात बांगड्या भरून झाल्यावर सईदा म्हणाली, "थांब. एक जोड जास्तीची घेऊन जा, पिचली तं राहू दे." आणि पिशवीतून पुस्तक काढलं. माझं पुस्तक. दुसरा भाग. मांडवातल्या सगळ्या बायकांसमोर, माझ्यासमोर, तिनं त्याचं पहिलं पान टरकन फाडलं.

"सईदा!" मी ओरडले. "अगं, डोकं फिरलं का तुझं?"

"गप बसा, पोस्टबाई. धंदा करून राह्यली मी."

जिनं कोपरा मुडपणाऱ्याला दारात उभं केलं नाही, तिनं त्या पानात दोन बांगड्या गुंडाळल्या, वर दोरा बांधला आणि पुडी उर्वशीच्या हातात ठेवली. "घरी जाऊनच सोड. अन् आईच्या हातानं सोड, तुह्यानं फुटतीन."

मी रागानं जेवणसुद्धा केलं नाही तिथे. पन्नास वर्षं सांभाळलेलं पुस्तक.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले ती भांडायलाच. कय्यूमभाईही तिथेच होते, बाजार नव्हता. ते मला म्हणाले, "बाई, मला विचारू नका. ही रात्रभर स्वतःच बेचैन आहे." सईदा खरंच बेचैन होती. रस्त्यावर कुणी बाई दिसली की मान लांब करायची. मी म्हटलं, "आली नाही तर काय करशील? दुसरं पान फाडशील?"

"नाई येणार तं नाई येणार," ती म्हणाली. "मंग समजीन का मले पुस्तकं देता येत नाई. फळी खाली करून टाकीन, बांगड्या लावीन." आणि हे ती गमतीनं म्हणत नव्हती. मी भांडण सोडलं आणि तिच्याबरोबर रस्त्याकडे बघत बसले.

ऊन चढलं. समोरच्या हॉटेलाची गर्दी ओसरली. आणि बसस्टँडच्या बाजूनं भागीरथा येताना दिसली. डोक्यावर पदर, हातात चुरगळलेला कागद. ती दुकानासमोर आली आणि पायरीपाशी थांबली. वर चढली नाही. रस्त्यातूनच, समोरच्या हॉटेलातल्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"पुढचं पान कुठी हाये?"

सईदा गिऱ्हाइकासाठी कधी गादीवरून उठत नाही. तहसीलदाराची बायको आली तरी बसूनच असते. ती उठली. चप्पल न घालता पायऱ्या उतरली आणि तापलेल्या रस्त्यावर पुस्तक घेऊन उभी राहिली.

"लय दिवस लावले," सईदा म्हणाली.

"तुमी कुठी आल्या?"

"हाव. मी बी नाई आली."

मग भागीरथानं कागदावर बोट ठेवलं. "थे बोलली. पैल्याच ओळीत बोलली. उर्वशीचे बाबा म्हणत होते, मुकी नाई. बराबर निघालं त्यायचं." तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी ती हसली. "जिंदगीत पैल्यांदा बराबर निघालं, अन् पाहा!"

मग सईदा रडली. ज्याला रडू येत नाही त्याला रडायचं पुस्तक द्यायचं असतं म्हणे. हिला त्याची गरज नव्हती.

भागीरथानं कमरेच्या पिशवीतून त्या दोन बांगड्या काढून सईदाच्या हातात दिल्या. "ह्या ठेवा. पुस्तक द्या." बांगड्या भरायचा विषयच निघाला नाही. मला काढावासा वाटला होता, पण मी तोंड बंद ठेवलं, हे मला जमतं हे त्या दिवशी कळलं.

कय्यूमभाईंनी त्याच आठवड्यात पायरीच्या खाली, रस्त्याच्या कडेला, एक बाक टाकला आणि पुस्तकांची एक फळी बाहेरच्या भिंतीवर ठोकली. ठोकताना बडबडत होते, "दुकान आहे की लायब्ररी, आता पावसात भिजलं तर मला बोलू नका." आता त्या बाकावर पायरी न चढणाऱ्या बायका बसतात. अशा किती बायका गावात होत्या हे सईदालाही ठाऊक नव्हतं. त्यांचा हात धरून गोष्ट सांगता येत नाही ही तिची मोठी अडचण. म्हणून ते काम भागीरथा करते. तेंदूचे पुडे नाही तर शेंगा, काहीतरी निवडत बसते, बायकांनाही निवडायला देते, आणि गोष्ट ऐन ठिकाणी आणून तोडते. मध्येच म्हणते, "उर्वशीचे बाबा असते तं म्हणाले असते, तो भाऊच चोर हाये." बायका विचारतात, "मंग, हाये का?" "वाचून पाहा."

माझ्या पुस्तकाचं ते पान सईदानं कणकेच्या खळीनं चिकटवलं. वाकडं चिकटवलंय, त्यावर बांगड्यांच्या गोल खुणा आहेत आणि एका कोपऱ्यात हळदीचं बोट. मी परत मागितलं, तर सईदा म्हणाली नंबर लागलेले आहेत. तुम्हाला हवं असेल तर पोंभुर्ण्याला जा, बाकावर बसा आणि मुक्या स्वयंपाकिणीचं मागा. पुस्तकाचं खरं नाव सांगू नका, कुणाला समजणार नाही.